पुरात उभ्या राहिलेल्या पिकअपचा डिझेल फिल्टर घरीच बदलताना

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमच्या भागातल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. ट्रॅक्टर, पिकअप, टमटम, काही सुटलं नाही. पाणी ओसरलं, गाड्या चालू झाल्या, लोक कामाला लागले. आणि मग दसऱ्यानंतर एकेक गाडी चढावर दम टाकायला लागली. आमचा पिकअपही त्यातलाच. डिझेल फिल्टर बदलणं आणि नंतर लाइनमधली एअर, म्हणजे डिझेलच्या नळीत शिरलेली हवा, काढणं हे काम मी पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं केलं. हात लावायच्या आधी पोटात गोळा आला होता, कारण कॉमन रेल इंजिनाच्या, म्हणजे एका सामायिक नळीत मोठ्या दाबानं डिझेल साठवून ते फवारणाऱ्या इंजिनाच्या, डिझेल लाइनला घरी हात लावायचा नसतो असंच आजवर ऐकलेलं. ज्यांच्यावर अजून ही वेळ यायची आहे त्यांच्यासाठी जसं घडलं तसं लिहितो.

गाडी २०१८ ची, बीएस-फोर (धुराच्या प्रदूषणाच्या नियमांचा चौथा टप्पा), कॉमन रेल इंजिन. आमचं गाव चाकूर तालुक्यात. शेतमाल, खत, कधी लग्नाचं सामान अशी भाडी मारतो. घरचा निम्मा खर्च या गाडीवर चालतो.

घटस्थापनेच्या दुसऱ्या रात्री, २३ सप्टेंबरला, ओढ्याचं पाणी वाड्याच्या अंगणात शिरलं. सकाळी पाहिलं तर पिकअपची डिझेल टाकी निम्मी पाण्यात. ही टाकी चेसिसच्या बाजूला खाली असते, त्यामुळे केबिन कोरडी राहिली तरी टाकी बुडते. टाकीला हवा घेण्यासाठी बारीक नळी असते आणि झाकणाला रबर असतं. रबर जुनं झालं किंवा नळी पाण्याखाली गेली की पाणी आत जायला तेवढी वाट पुरते.

पाणी उतरल्यावर लगेच सेल्फ मारला नाही. आधी एअर फिल्टरचा डबा उघडून आत ओल आहे का ते पाहिलं, मग ऑइलची दांडी काढून ऑइलचा रंग. ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी चालू करायचीच नाही, टोचन लावून मिस्त्रीकडे न्यायची. आमचं ऑइल काळंच होतं, डबा कोरडा. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. दसऱ्याला तिची पूजा झाली, हार घातला, सगळं ठीक वाटत होतं.

४ ऑक्टोबरला चाकूरहून येताना मीटरवर डिझेलमध्ये पाणी असल्याचा पिवळा दिवा लागला. हा दिवा फिल्टरच्या तळाशी बसवलेल्या सेन्सरमुळे लागतो. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे फिल्टरच्या बुडाशी साठतं आणि ठरावीक पातळीच्या वर गेलं की सेन्सर दिवा लावतो. घरी येऊन फिल्टरखाली प्लास्टिकची पारदर्शक बाटली धरली आणि तळाचा, पाणी सोडायचा खटका सैल केला. बाटलीत खाली मातकट पाणी आणि वर पिवळसर डिझेल, मधे सरळ रेघ. बोटभर उंचीचं पाणी निघालं. दिवा गेला.

दोन दिवसांत पुन्हा लागला. आणि त्याच आठवड्यात सोयाबीनची पोती भरून लातूरला निघालो तेव्हा गाडीनं खरी तक्रार सांगितली. सपाटीला ठीक, पण चढ आला की ॲक्सिलेटर पूर्ण दाबूनही गाडी ओढेना. तिसऱ्या गिअरला आचके द्यायची, पाय उचलला की सावरायची. रिकाम्या गाडीला काहीच जाणवत नव्हतं. फिल्टर तुंबल्याची ही खूण. इंजिनाला जास्त डिझेल लागतं तेव्हाच ते कमी पडतं.

आता खर्चाचं. २०२५ च्या त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, पण पाण्यात भिजलेल्या, डागी मालाला तो कुठून मिळणार. हातात पैसा कमी. लातूरच्या सर्व्हिस सेंटरला ६ तारखेला फोन केला. पुरातल्या गाड्यांची रांग लागलेली, १८ तारखेच्या आधी गाडी आत घेता येणार नाही म्हणाले. फिल्टर, टाकी सफाई, मजुरी आणि वर जीएसटी धरून साडेसहा हजारांचा अंदाज सांगितला. विम्याचंही विचारून घेतलं. आमचा फक्त थर्ड पार्टी, त्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान येत नाही. ज्यांचा पूर्ण विमा आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं: पुराचं नुकसान त्यात बसतं, पण फिल्टर, ऑइल, वायसर अशा झिजणाऱ्या, संपणाऱ्या वस्तूंसाठी वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर त्यांचे पैसे बहुधा कापले जातात. क्लेम करायचा असेल तर गाडीला हात लावायच्या आधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा.

१८ पर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. दिवाळी तोंडावर, भाडी याच दिवसांत मिळतात. आणि पाणी असलेल्या डिझेलवर गाडी पळवत राहणं त्याहून महागात पडलं असतं. कॉमन रेल पंप आणि इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) यांना वंगण डिझेलचंच मिळतं. आत दाब हजार बारच्या वर जातो, भागांमधल्या फटी केसाहून कितीतरी बारीक. तिथं पाणी पोचलं की वंगण तुटतं, गंज धरतो. एका इंजेक्टरचा खर्च अहमदपूरच्या मिस्त्रींनी पंधरा हजारांच्या घरात सांगितला. असे चार.

या मिस्त्रींना मी मामा म्हणतो. त्यांच्याकडेही गाड्यांची गर्दी, गावात येणं शक्य नव्हतं. म्हणाले, "तूच कर की. मी फोनवर हाय. पण दोन गोष्टी ऐक. टाकी साफ केल्याबिगर नवा फिल्टर लावू नको, दोन दिवसांत तो पण जाईल. अन् सेल्फ दहा सेकंदांच्या वर मारायचा नाही. मधी मिनिटभर तरी थांबायचं."

"कामून मामा? बॅटरी उतरते म्हणून?"

"बॅटरीचं सोड. पंप कोरडा फिरतोय. डिझेल आल्याबिगर फिरवत राहिलास की पंप खाल्लास."

८ तारखेला फिल्टर आणायला लातूरला गेलो. जाताना तीन फोटो मोबाइलमध्ये ठेवले: आरसी, चेसिस नंबर आणि जुन्या फिल्टरवरचा पार्ट नंबर. हे तिन्ही सोबत असू द्या. एकाच मॉडेलला बीएस-थ्री, बीएस-फोर, बीएस-सिक्स असे वेगवेगळे फिल्टर येतात. बाहेरून सारखे दिसतात, पण आटे किंवा सेन्सरची जागा वेगळी असते. दुकानदारानं समोर दोन ठेवले. एक ३५० चा, एक १,१४० चा. स्वस्तातला हातात घेतला तर हलका, कागदाच्या घड्या विरळ, रबर कडक. मी १,१४० चा मागितला, तर तो काउंटरवर दाखवण्यापुरताच, खोकं फुटलेलं. पुरानंतर सगळ्यांनी तेच नेलेले. नवा माल दोन दिवसांनी येणार होता. पैसे भरून पक्कं बिल घेतलं आणि पार्सल एसटीनं चाकूरला पाठवायला सांगितलं. ११ तारखेला संध्याकाळी बसस्थानकावरून ते सोडवून आणलं. खोक्याचं सील शाबूत आहे, आत मोठं रबर आणि सेन्सरची ओ-रिंग (बारीक गोल रबरी कडी) दोन्ही आहेत, हे तिथंच उघडून पाहिलं.

तोवर टाकीचं काम उरकलं होतं. गाडी रात्रभर अशी उभी केली की टाकीचा ड्रेन बोल्ट सगळ्यात खाली येईल. सकाळी गाडी न हलवता बोल्ट खोलला. पहिल्यांदा आलं ते डिझेल नव्हतंच, गढूळ पाणी होतं. मग पाणी-डिझेल मिसळलेलं, मग गाळाचे काळे तुकडे, आणि बऱ्याच वेळानं स्वच्छ धार. सगळं कॅनमध्ये धरलं. दिवसभरानं कॅन पाहिले तर तळाला दीड-दोन लिटर पाणी बसलेलं. टाकीत थोडं ताजं डिझेल घालून खळखळून तेही काढून टाकलं. बोल्टचा तांब्याचा वायसर नवा घातला, वीस रुपयांचा आहे, जुना परत लावू नका. निघालेलं डिझेल पार्ट धुवायला ठेवलं. उकिरड्यावर किंवा ओढ्यात ओतू नका, विहिरी जवळच असतात.

नवं डिझेल भरताना पंपावरच्या मॅनेजरला विचारलं की तुमच्या जमिनीखालच्या टाकीत तर पाणी गेलं नाही ना. त्यांनी मोजायची दांडी आणली, टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावली आणि टाकीत सोडून दाखवली. पाणी लागलं की या पेस्टचा रंग बदलतो. बदलला नाही. पावसाळ्यात हे विचारायला संकोच करू नका. डिझेलची घनता तपासून मागता येते, पाच लिटरचं माप मागता येतं, तक्रार पुस्तिका मागता येते. मी बिलही जपून ठेवलं.

रविवार, १२ ऑक्टोबर. सकाळी इंजिन थंड असतानाच सुरुवात केली. बायकोनं अंगणात सडा टाकला, धूळ उडू नये म्हणून. त्या सड्यामुळे कामाला मोठा आधार झाला, कारण या कामात पाण्यानंतरचा दुसरा वैरी धूळ. पुतण्या टॉर्च धरायला. घरात कुणी बिडी-काडी ओढणारं असेल तर त्यांना लांब बसवा.

गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. फिल्टर आणि त्याचं वरचं डोकं ब्रशनं, डिझेल लावून, स्वच्छ होईस्तोवर धुतलं. हे उघडायच्या आधीच करायचं. नंतर केलं तर चिखल आत पडतो. सेन्सरची वायर खटका दाबून सोडवली, खाली तसराळं ठेवलं, तळाचा खटका सोडून फिल्टर रिकामा केला. फिल्टर हातानं फिरेना. पट्ट्याचा पाना नव्हता, जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून पुतण्यानं आणि मी मिळून फिरवला तेव्हा कर्र आवाज करून सुटला. जुनं रबर फिल्टरसोबत आलंय का ते नीट पाहा. कधी ते वर डोक्यालाच चिकटून राहतं, त्यावर नवं रबर बसलं की गाडी एअर घेत राहते.

सेन्सर जुन्या फिल्टरच्या तळातून काढून, पुसून, नवी ओ-रिंग लावून नव्यात बसवला. मोठ्या रबराला बोटानं स्वच्छ डिझेल लावलं.

आता वादाचा मुद्दा. आमचे तात्या, चुलते, तीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेले. त्यांचं म्हणणं, फिल्टर डिझेलनं गच्च भरून लाव, एअर कमी राहते. मामांचं म्हणणं नेमकं उलट. या फिल्टरच्या मधल्या भोकातून गाळलेलं डिझेल इंजिनाकडे जातं. कॅनमधलं डिझेल त्या भोकात ओतलं तर त्यातली घाण न गाळता सरळ पंपात जाणार. म्हणून कोरडाच लावायचा आणि हातपंपानं भरायचा. मी मामांचं ऐकलं. रबर टेकल्यावर हातानंच पाऊण फेरा घट्ट केला, तसं फिल्टरवर छापलेलंच होतं. पान्यानं आवळला तर रबर दबतं आणि पुढच्या वेळी निघत नाही.

मग एअर काढणं. फिल्टरच्या डोक्यावर दाबायचं बटण असतं, तो हातपंप. त्याच्या शेजारी एअर काढायचा छोटा स्क्रू. स्क्रू दोन आटे सैल केला, त्याखाली चिंधी धरली आणि पंप मारायला लागलो. आधी बटण पोकळ लागतं, नुसतं खालीवर होतं, काहीच घडत नाहीसं वाटतं. इथं धीर सुटतो. पुतण्या म्हणाला, "काका, पंप खराब हाय का?" मारत राहिलो. मग स्क्रूपाशी फसफस, मग पांढरा फेस, मग फेसात मोठाले बुडबुडे, आणि शेवटी बुडबुडा नसलेली सलग धार. धार चालू असताना, बटण दाबलेलं ठेवूनच स्क्रू आवळायचा. त्यानंतर अजून पंप मारला की बटण दगडासारखं कडक होतं. कडक झालं की फिल्टर भरला.

बॅटरी जोडली. सेल्फ मारला. काही नाही. मिनिटभर थांबलो. परत सेल्फ, आणि गाडी चालू झाली. तात्यांनी हात जोडले. अर्ध्या मिनिटात इंजिन डचमळलं आणि बंद पडलं.

परत पंप मारला, परत चालू, परत बंद. आता तात्या पाना घेऊनच उठले. "इंजेक्टरचे नट ढिले कर, एअर तिथून फुर्रकन जाईल." ट्रॅक्टरला आम्ही सगळे हेच करत आलोय आणि जुन्या मेकॅनिकल पंपाला ते बरोबरच आहे. पण कॉमन रेलला हे कधीही करायचं नाही. त्या पाइपातला दाब इतका असतो की डिझेलची बारीक फवार कातडीतून आत शिरते, आणि तसं झालं तर वरून टाचणी टोचल्याएवढं दिसलं तरी थेट मोठ्या दवाखान्यात जावं लागतं. हे वाक्य मामांनी फोनवर दोनदा म्हणून घेतलं. तात्यांना फोन स्पीकरवर ऐकवला. ते पाना ठेवून खाली बसले, रागावले नाहीत.

मामांनी विचारलं, "बटण कडक होतंय न्हवं? मग फिल्टरच्या पुढं ठीक हाय. टाकीकडून एअर घेतीय." फिल्टरच्या आधी, म्हणजे टाकीकडून येणाऱ्या नळीत, पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता जोडायला सांगितला. ही न गाळलेल्या डिझेलची बाजू, त्यामुळे इथं जोडायला भीती नाही. फवारणी पंपाची नवी नळी घरात होती. जोडून इंजिन चालू केलं आणि सगळ्यांना दिसलं: मोहरीएवढे बुडबुडे ओळीनं टाकीकडून येत होते.

टाकी ते पंप ही सगळी लाइन इंजिन चालू असताना डिझेल ओढत असते. तिथं फट असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली ओल नाही, थेंब नाही, तरी एअर. टाकीपासून हात फिरवत आलो. टाकीवरच्या रबरी नळीची क्लिप पुराच्या पाण्यात गंजून सुटत आलेली आणि नळी वाकवली की तोंडाशी बारीक चिरा उघडत होत्या. चाकूरला एक दुकान अर्धं शटर वर करून होतं. डिझेलची नळी आणि दोन क्लिप, १६० रुपये. साधी पाण्याची नळी लावू नका, डिझेलनं ती फुगते, मऊ पडते.

नळी बदलली, पंप मारला, बटण कडक. सेल्फ मारला, गाडी चालू झाली आणि चालूच राहिली. पारदर्शक नळीत बुडबुडे विरळ होत गेले, मग बंद झाले. तो तुकडा काढून मूळ नळी जोडली, परत एअर काढली. पंधरा मिनिटं गाडी नुसती उभी चालू ठेवली, फिल्टरखाली पांढरा कागद अंथरला. कागद कोरडा. दिवा गेलेला. जेवायला दुपारचे तीन वाजले होते.

जुना फिल्टर करवतीनं कापून पाहिला. पांढरा असायला हवा तो कागद तांबूस-काळा, घड्यांमध्ये बोटाला चिकटणारा बुळबुळीत थर. पाणी आणि डिझेल जिथं एकमेकांना टेकतं तिथं जंतू वाढतात, त्यांचा तो थर. टाकी साफ न करता नवा फिल्टर लावला असता तर दिवाळीआधीच त्याची ही गत झाली असती. कापलेला फिल्टर कचऱ्यात टाकला नाही, मामांच्या गॅरेजात जुन्या ऑइलच्या डब्यांसोबत दिला.

सोमवारी पोती भरून लातूर. त्याच चढावर तिसऱ्या गिअरला गाडी सरळ वर गेली. आठवडाभरानं तळाचा खटका सोडून पाहिला, पाण्याचे दोन-चार थेंबच. सगळा खर्च वाया गेलेलं डिझेल सोडून दीड हजाराच्या आत बसला.

त्यानंतर शेजारच्या गल्लीतल्या पिकअपचा फिल्टरही आम्ही मिळून बदलला. ती गाडी बीएस-सिक्स, फिल्टरवर हातपंपच नाही. तिला टाकीत विजेचा पंप आहे. अशा गाडीत सेल्फ न मारता चावी ऑन करायची, टाकीतल्या पंपाचा घूंऽऽ आवाज थांबेपर्यंत थांबायचं, ऑफ करायची, आणि असं चार-पाच वेळा केल्यावर मगच सेल्फ मारायचा. तिची एअर अशीच निघाली. आपल्या गाडीला यातलं काय आहे ते फिल्टर विकत घ्यायच्या आधीच बॉनेट उघडून पाहून ठेवा.